सही नाकारणारा मध्ययुगाचा प्राध्यापक: कांटोरोविच आणि कॅलिफोर्नियाची शपथ

अर्न्स्ट कांटोरोविच या मध्ययुगाच्या इतिहासकाराबद्दल जिथे कुठे वाचायला मिळतं तिथे त्याचं आयुष्य दोन कप्प्यांत टाकलेलं असतं. एका कप्प्यात त्याची जाडजूड पुस्तकं आणि दुसऱ्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शपथेवरून झालेलं भांडण, म्हणजे सकाळी तो संशोधन करायचा आणि संध्याकाळी राजकारण असं काहीतरी. हे प्रकरण जितकं वाचत गेलो तितके हे कप्पे मला खोटे वाटायला लागले. माझं म्हणणं सरळ आहे, १९४९ मध्ये त्याने सही करायला जो नकार दिला तो त्याच्या धंद्यातल्या माहितीतून आलेला नकार होता. जुन्या कागदांमध्ये शपथा, जयघोष, संघ आणि पदं कशी चालतात हे बघण्यात ज्याची उमर गेली त्याच्यासमोर एक नवा कागद आला आणि त्याने तो ओळखला, एवढंच. पण हे "एवढंच" समजून घ्यायला सगळं प्रकरण नीट मांडावं लागतं.

आधी प्रसंग काय होता ते बघू. २५ मार्च १९४९ ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बोर्ड ऑफ रीजंट्सने, म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या मंडळाने, एक ठराव केला. राज्याच्या नोकरीतले लोक राज्यघटनेशी निष्ठेची शपथ तशीही घेत होतेच आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. आता तिच्यापुढे अजून एक तुकडा जोडायचा होता, की सरकार बळाने किंवा कुठल्याही बेकायदा वा घटनाबाह्य मार्गाने उलथवून टाकावं असं मानणाऱ्या, सांगणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या कुठल्याही पक्षावर वा संघटनेवर माझा विश्वास नाही, मी तिचा सभासद नाही आणि तिला माझा पाठिंबा नाही. विशेष म्हणजे हा प्रस्ताव मंडळापुढे ठेवला तो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट गॉर्डन स्प्राउल यांनीच. शीतयुद्धाचे दिवस, राज्याच्या विधिमंडळात कम्युनिस्ट शोधायची मोहीम जोरात, तर आपणच आधी काहीतरी केलं म्हणजे बाहेरून हात घातला जाणार नाही असा त्यांचा हिशोब असावा असं दिसतं. प्राध्यापकांना हा मजकूर कळला तो उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आल्यावर, आणि सही केली नाही तर पुढच्या वर्षीची नेमणूक अडकणार हेही हळूहळू कळलं.

१४ जून १९४९ ला बर्कलीत, म्हणजे विद्यापीठाच्या ज्या शाखेत कांटोरोविच शिकवायचा तिथे, अ‍ॅकॅडेमिक सिनेटची, म्हणजे प्राध्यापकांच्या सभेची, बैठक भरली. तिथे कांटोरोविच लिहून आणलेलं निवेदन घेऊन उभा राहिला. तेव्हा तो ५४ वर्षांचा होता, देश सोडून आलेला निर्वासित, एक-एक वर्षाच्या नेमणुकांवर सहा वर्षं काढून १९४५ मध्ये कुठे कायम झालेला. अशा माणसाने गप्प बसणं कुणालाही समजण्यासारखं होतं.

हा माणूस तिथपर्यंत आला कसा

त्याचा जन्म १८९५ चा, पोझेन गावचा, जे तेव्हा प्रशियात होतं आणि आज पोलंडमध्ये पोझनान आहे. घर ज्यू, सुखवस्तू, मद्य गाळण्याचा मोठा कारखाना. ऑगस्ट १९१४ मध्ये आपणहून सैन्यात गेला, १९१६ ला व्हर्दाँला जखमी झाला, पुढे तुर्कस्तानातही होता. युद्ध संपल्यावर उजव्या स्वयंसेवक तुकड्यांतून परत बंदूक हातात घेतली, पोझेनमध्ये पोलिश लोकांविरुद्ध, बर्लिनमध्ये डाव्या बंडखोरांविरुद्ध आणि १९१९ मध्ये म्युनिकमध्ये तिथल्या डाव्यांच्या 'सोव्हिएत' सरकारविरुद्ध. हे मुद्दाम सांगतोय, कारण १९४९ मध्ये त्याच्यासारख्यांवर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेतला जात होता हे डोक्यात ठेवून पुढचं वाचायला हवं.

हायडेलबर्गला त्याने १९२१ मध्ये डॉक्टरेट केली ती मध्ययुगीन युरोपवर नाहीच, अर्थशास्त्र विभागातली, विषय मुस्लिम जगातल्या कारागिरांचे संघ. या प्रबंधाचा उल्लेख लोक एका ओळीत उरकतात, त्यात फार दम नव्हता असंही म्हणतात, पण मला तो या प्रकरणात महत्त्वाचा वाटतो. एका धंद्यातली माणसं एकत्र येऊन संघ करतात, त्यात आत कोण आणि बाहेर कोण हे स्वतः ठरवतात, आणि बाहेरचा मालक येऊन त्यांना "तुम्ही माझे नोकर" असं म्हणू शकत नाही, हा प्रश्न त्याच्या पहिल्याच अभ्यासात आलेला होता. आणि पॅरिस किंवा बोलोन्याची मध्ययुगीन विद्यापीठं तरी दुसरं काय होती, शिकवणाऱ्यांचे आणि शिकणाऱ्यांचे संघच की.

मग आला कवी श्टेफान गेओर्ग आणि त्याच्याभोवतीचं मंडळ. गेओर्गच्या प्रभावाखाली कांटोरोविचने होहेनस्टाउफेन घराण्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४ ते १२५०) याचं चरित्र लिहिलं, १९२७ मध्ये आलं आणि तुफान खपलं. जर्मन भाषा भारावलेली, सम्राट जवळजवळ देवमाणूस, आणि इतिहासाच्या पुस्तकात एकही तळटीप नाही! मुखपृष्ठावर स्वस्तिक होतं, ते गेओर्ग मंडळाच्या प्रकाशनमालेचं जुनं चिन्ह होतं पण पुढे त्याचा अर्थ काय झाला ते सगळ्यांना माहीत आहे. विद्यापीठातले इतिहासकार चिडले, आल्बर्ट ब्राकमानने १९२९ मध्ये कडक टीका केली की हा माणूस पुराव्यातून इतिहास लिहीत नाही, आधी एक मिथक बघतो आणि मग त्यात सम्राटाला बसवतो. कांटोरोविचने १९३१ मध्ये उत्तर दिलं ते असं की नुसत्या आधारांचा आणि टिपांचा एक वेगळा खंडच छापला, म्हणजे घ्या, एकेक वाक्य कुठून आलं ते तपासा. टीका पूर्ण चुकीची होती असं मला वाटत नाही, पुस्तकात ती भारावलेली नजर आहेच, पण कागदपत्रांवरची त्याची पकड किती घट्ट होती ते त्या खंडाने दाखवून दिलं. १९३० मध्ये त्याला फ्रँकफर्टला मानद प्राध्यापकी मिळाली आणि १९३२ मध्ये तिथेच पूर्ण प्राध्यापकपद.

जेमतेम वर्ष झालं आणि १९३३ उजाडलं. एप्रिलमध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा आला पण आघाडीवर लढलेल्यांना त्यातून सूट होती, म्हणजे कांटोरोविचची खुर्ची शाबूत होती. तरी २० एप्रिल १९३३ ला त्याने मंत्र्याला पत्र लिहून रजा मागितली. पत्रात त्याने आपल्या लढायांची यादी दिली, राष्ट्रीय जर्मनीबद्दलच्या आपल्या भावनेला दाखल्याची गरज नाही असं सांगितलं, आणि तरीही ज्यू म्हणून रोज ज्यांची इज्जत काढली जातेय त्यांच्यापैकी एक असताना आपण वर्गात उभं राहणं शक्य नाही असं कळवलं. त्या हिवाळ्यात तो थोडा काळ परत शिकवायला आला, तर नाझी विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. १९३४ मध्ये हिटलरच्या नावाने निष्ठेची शपथ घ्यायची वेळ सरकारी नोकरांवर आली, ती न घेता त्याने पदावरून निवृत्ती पत्करली. १९३८ च्या नोव्हेंबरमधल्या ज्यूंविरुद्धच्या हिंसाचाराच्या वेळी मित्राच्या घरी लपला, आणि मग इंग्लंडमार्गे अमेरिका. आई मागे राहिली, ती १९४३ मध्ये टेरेझिनच्या नाझी छावणीत वारली.

तर बर्कलीतली शपथ ही त्याच्या आयुष्यातली अशी दुसरी वेळ होती.

जूनमधलं निवेदन, आणि दहा दिवसांनी

आता मधलं एक पुस्तक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४६ मध्ये त्याचं 'लॉडेस रेगिए' आलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच प्रकाशनाने काढलेलं. विषय ऐकायला एकदम कोरडा आहे, चर्चमध्ये राज्यकर्त्यांसाठी म्हणायचे जयघोष. आठव्या शतकाच्या शेवटाकडे फ्रँकिश राज्यात हे रूढ झाले, सुरुवात "ख्रिस्त जिंकतो, ख्रिस्त राज्य करतो, ख्रिस्त हुकूम देतो" अशी, मग पोपला दीर्घायुष्य, राजाला, राणीला, सैन्याला, प्रत्येकाच्या नावामागे त्याच्या दर्जाप्रमाणे संतांची फळी. हीच पहिली ओळ पुढे फ्रान्सच्या राजाच्या सोन्याच्या नाण्यांवर जाऊन बसली.

कांटोरोविचने काय केलं, तर हे जयघोष शतकानुशतकं आणि राज्याराज्यांतून तपासले. फ्रँक, नॉर्मन, सिसिली, दाल्मेशियाची किनाऱ्यावरची शहरं. कुठे पोपचं नाव राजाच्या आधी आलं, कुठे मागे गेलं, कुठे एक नवीन ओळ घुसली, कुठे तीच ओळ नवीन मालकासाठी वापरली गेली. सूत्र तसंच दिसतं, चाल तीच, शब्द बहुतेक तेच, आणि तरी आतला अर्थ सरकलेला असतो आणि म्हणणाऱ्यांना ते कळतही नाही कारण ते तर नेहमीचंच म्हणतायत. पुस्तकाच्या शेवटाकडे तो थेट विसाव्या शतकात येतो, फॅसिस्ट इटलीत हे जुने जयघोष परत कसे उभे केले गेले तिथपर्यंत.

हे काम करून तीन वर्षं झाली होती, आणि या माणसाच्या हातात रीजंट्सची शपथ आली!

सभेत त्याने जे वाचलं त्याचा गाभा हाच होता. शपथ एकदा आणली किंवा लादली की तिला स्वतःचं आयुष्य फुटतं, असं त्याने सांगितलं. सुरुवातीला ती निरुपद्रवी असते, आणि निरुपद्रवी शपथच माणसाला गळाला लावते, कारण बदल नंतर होतात, थोडे थोडे, आणि तोवर तुम्ही आत असता. त्याने दाखले दिले ते १९३१ च्या इटलीचे आणि १९३३ च्या जर्मनीचे. इटलीत मुसोलिनीने प्राध्यापकांकडून शपथ घेतली तेव्हा बाराशेच्या वर प्राध्यापकांपैकी नाही म्हणणारे जेमतेम डझनभर निघाले, बाकीच्यांनी केली सही, त्यात मनातून फॅसिस्ट नसलेले भरपूर होते. आणि "सही करा नाहीतर नोकरी सोडा" ही पद्धत त्याला जवळजवळ ब्लॅकमेल वाटली, कारण तिथे माणसाच्या विवेकापुढे त्याच्या घरच्यांचं पोट उभं केलं जातं. याचा त्रास कायम झालेल्या बड्या प्राध्यापकांना कमी आणि तरुणांना जास्त होणार हेही त्याने बोलून दाखवलं.

लोकांना हे तेव्हा अति वाटलं असणार. कॅलिफोर्नियात कुठे मुसोलिनी होता. पण पुढच्या तारखा नुसत्या ओळीने लावून बघा. सभेनंतर दहा दिवसांनी, २४ जूनला, रीजंट्सनी मजकूर सुधारला आणि त्यात आता कम्युनिस्ट पक्षाचं नाव थेट आलं, मी त्याचा सभासद नाही, आणि या शपथेला विरोधी असं कुठलंही वचन, करार किंवा बांधिलकी माझ्यावर नाही. म्हणजे सिनेटने सांगितलं होतं की शपथ काढा किंवा बदला, आणि बदलून ती अजून कडक झाली. २४ फेब्रुवारी १९५० ला "सही करा नाहीतर जा" असा ठराव आणि ३० एप्रिलची मुदत. एप्रिलमध्ये माजी विद्यार्थ्यांच्या समितीने मध्यस्थी केली, शपथ काढली, पण तोच मजकूर नोकरीच्या करारपत्रात टाकला आणि ज्यांना सही करायची नाही त्यांनी प्राध्यापकांच्याच एका समितीपुढे जाऊन आपली बाजू सांगायची असं ठरलं. आणि ऑक्टोबर १९५० मध्ये लेव्हरिंग कायदा आला ज्याने तशीच शपथ राज्यातल्या सगळ्या सरकारी नोकरांवर घातली. दीड वर्षात एक सूत्र इतक्या वेळा वाढलं, सरकलं, कागद बदलून परत आलं. तो काही भविष्य सांगत नव्हता, त्याने फक्त हे असं होताना आधी कागदांवर बघितलं होतं आणि मग स्वतःच्या देशात बघितलं होतं.

झगा

निवेदनाचा शेवटचा भाग जास्त प्रसिद्ध आहे आणि जास्त अवघडही. त्याने सांगितलं की झगा घालायचा हक्क तीनच धंद्यांना आहे, न्यायाधीश, धर्मगुरू आणि विद्वान. तो झगा म्हणजे पक्व बुद्धी, स्वतंत्र निर्णय आणि आपल्या विवेकाला व देवाला थेट जबाबदार असणं. या तिघांवर दबाव आणून त्यांच्याकडून काही करून घेणं म्हणजे त्या धंद्याचाच अपमान.

ऑक्टोबर १९५० मध्ये त्याने हे सगळं एका पुस्तिकेत वाढवून छापलं, त्यात कागदपत्रं आणि आपल्या टिपणी अशी मांडणी होती. तिथला युक्तिवाद असा, की न्यायाधीश कोर्टाचे कर्मचारी नसतात, न्यायाधीश म्हणजेच कोर्ट. तसंच प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून विद्यापीठ होतं, ते विद्यापीठाचे नोकर नसतात. कोर्टात पुकारा करणारा, चर्चमधला घंटा वाजवणारा, विद्यापीठात दंड घेऊन पुढे चालणारा, हे नोकर. म्हणून रीजंट्स प्राध्यापकाला "नोकरी हवी तर सही कर" असं म्हणतात तेव्हा भांडण कम्युनिझमचं राहतच नाही, हे विद्यापीठ नक्की कुणाचं हा मूळ प्रश्न होतो. मध्ययुगातल्या संघांचा आणि पदांचा अभ्यास केलेला माणूसच असं भांडू शकतो, बाकीचे नागरी स्वातंत्र्यावर आणि घटनेवर बोलत होते आणि तेही बरोबरच होतं, पण कांटोरोविचने सगळी जागाच बदलली.

पण इथे मला त्याच्याशी भांडावंसं वाटतं. शपथ फक्त प्राध्यापकांवर नव्हती. कारकून, प्रयोगशाळेतले मदतनीस, शिकवता शिकवता शिकणारे सहायक, सगळ्यांकडून सही हवी होती, आणि प्राध्यापक नसलेल्या अनेकांच्या नोकऱ्या १९५० च्या उन्हाळ्यात प्राध्यापकांच्या आधीच गेल्या. झग्याच्या युक्तिवादात त्यांना जागाच नाही. उलट तो त्यांना सरळ नोकर म्हणून बाजूला ठेवतो. तरुण सहकाऱ्यांची काळजी त्याला होती, ती खरी होती, पण दंड घेऊन पुढे चालणाऱ्या माणसाचाही विवेक असतो हे त्याच्या मध्ययुगीन चौकटीत मावलं नाही. ज्या अभ्यासाने त्याला इतरांपेक्षा लांबचं दाखवलं त्याच अभ्यासाने इथे त्याची नजर अडवली असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आणि याच्या जोडीला ऑक्टोबर १९४९ चं स्प्राउल यांना लिहिलेलं पत्र ठेवायला हवं. सही का करत नाही हे त्यात सांगताना त्याने लिहिलं की माझा राजकीय इतिहास कुठल्याही चौकशीत टिकेल, डाव्या जहालांशी मी दोनदा आपणहून बंदूक घेऊन लढलोय. इथे थांबला असता तर काम झालं असतं, कम्युनिस्ट असल्याचा संशय एका फटक्यात संपला असता. पण पुढे त्याने लिहिलं की त्या पांढऱ्या, म्हणजे डाव्यांविरुद्धच्या, तुकड्यांत जाऊन मी, अप्रत्यक्षपणे आणि माझी इच्छा नसताना, नाझींच्या सत्तेचा रस्ता तयार केला. स्वतःचा जो सगळ्यात सोयीचा पुरावा तो त्याच पत्रात स्वतःविरुद्ध वाचून दाखवायचा, हे किती लोकांना जमतं मला माहीत नाही. १९३३ च्या पत्रात त्याच लढायांची यादी अभिमानाने आली होती. सोळा वर्षांनी यादी तीच आहे पण तिच्या पुढे एक कबुली आली. सूत्राला नवीन ओळ जोडली की अर्थ बदलतो हे इथे त्याने स्वतःच्या बाबतीत केलं.

निकाल

उरलेली घटना पटकन सांगतो कारण ती बऱ्याच ठिकाणी तपशिलात मिळते. जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि हवा अजून तापली. २१ जुलैला रीजंट्सनी १० विरुद्ध ९ मतांनी, समितीने ज्यांना ठेवायची शिफारस केली होती त्यांना ठेवायचं ठरवलं, पण शपथेच्या बाजूचे पुढारी जॉन फ्रान्सिस नेलन यांनी लगेच आपलं मत फिरवून फेरविचाराची वाट मोकळी ठेवली, आणि २५ ऑगस्टला १२ विरुद्ध १० ने ३१ जणांना काढलं. गव्हर्नर अर्ल वॉरन, जे पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, ते काढायच्या विरोधात होते. या ३१ पैकी कुणी कम्युनिस्ट असल्याचा आरोपही राहिला नव्हता, फक्त सही न केल्याची शिक्षा होती. त्यात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन होते, ज्यांनी तरुणांना सांगितलं होतं की तुम्ही सही करा, लढाई ज्यांना परवडते त्यांच्यावर सोडा. त्यात डेव्हिड सॅक्सन नावाचा तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता जो १९७५ मध्ये याच विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. आणि त्यात कांटोरोविच होता.

एप्रिल १९५१ मध्ये अपील कोर्टाने सही न करणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर १९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना परत घ्यायला सांगितलं, पण कारण भलतंच दिलं, की राज्याने लेव्हरिंग कायदा केलेला असल्यामुळे विद्यापीठाला वेगळी शपथ घालायचा अधिकार नाही. म्हणजे परत यायचं तर राज्याची शपथ घ्या! थकलेल्या पगाराचा प्रश्न सुटायला १९५६ उजाडलं, आणि लेव्हरिंगची शपथ घटनाबाह्य ठरायला १९६७.

कांटोरोविच तोवर निघून गेला होता. १९५१ मध्ये त्याला प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये कायमची जागा मिळाली, तिथे कलेचा इतिहासकार पानोफ्स्की त्याच्यासाठी प्रयत्न करत होता आणि संचालक होते रॉबर्ट ओपेनहायमर, ज्यांचा स्वतःचा सुरक्षा परवाना याच वातावरणात १९५४ मध्ये गेला. नोकरीच्या हिशोबाने बघितलं तर कांटोरोविचचं भलंच झालं असं म्हणता येईल, आणि काही जण म्हणतातही, पण २५ ऑगस्ट १९५० ला ही जागा हातात नव्हती. नकार देताना पुढचं काही ठरलेलं नसणं हे लक्षात न घेता या प्रकरणाचा हिशोब मांडला तर तो चुकतो.

दोन देहांचं पुस्तक

१९५७ मध्ये 'द किंग्ज टू बॉडीज' आलं. आता इथे एक सावधगिरी हवी, हे पुस्तक शपथेच्या भांडणातून जन्मलं असं लिहायचा मोह होतो आणि ते चूक आहे. प्रस्तावनेत तो स्वतः सांगतो की सुरुवात बारा वर्षं आधीच्या एका गप्पेतून झाली, बर्कलीतला कायद्याचा प्राध्यापक मित्र मॅक्स रॅडिन, त्याची पुस्तकांनी गच्च भरलेली छोटीशी खोली. कांटोरोविचच्या टपालात एका अमेरिकन बेनेडिक्टाइन मठाच्या नियतकालिकातला लेख आला होता आणि त्यावर प्रकाशक म्हणून छापलं होतं, ऑर्डर ऑफ सेंट बेनेडिक्ट इन्कॉर्पोरेटेड. संन्याशांचा संघ आणि कंपनी! त्याला गंमत वाटली, रॅडिनला विचारलं, आणि गाडी महामंडळ, एकपदी निगम (म्हणजे एकाच पदाची बनलेली कायदेशीर संस्था) अशी जात जात इंग्रज वकिलांच्या त्या जुन्या कल्पनेपर्यंत आली की राजाला दोन देह असतात. त्यावरचा निबंध रॅडिनच्या गौरवग्रंथासाठी लिहिला, तो ग्रंथ निघालाच नाही, हस्तलिखित परत आलं, आणि त्याचं पुढे हे पुस्तक झालं.

कल्पना समजायला एलिझाबेथच्या काळातला एक खटला बघा, प्लाउडन नावाच्या वकिलाने नोंदवून ठेवलेला. राजा सहावा एडवर्ड अज्ञान म्हणजे वयात न आलेला असताना त्याने लँकेस्टरच्या जहागिरीतली जमीन भाडेपट्ट्याने दिली होती. तो गेल्यावर प्रश्न आला, हा पट्टा चालतो का? साध्या माणसाने लहान वयात केलेला असा व्यवहार मोडता आला असता. न्यायाधीश म्हणाले, राजाचा एक देह आपल्यासारखाच, लहान होतो, आजारी पडतो, मरतो, पण दुसरा देह राज्याचा, त्याला ना बालपण ना म्हातारपण, ना चूक ना मृत्यू, आणि हे दोन्ही एकत्र असताना राज्याचा देह पहिल्याचे दोष झाकतो. पट्टा चालतो! एका भाडेपट्ट्यापायी इतकं सगळं. कांटोरोविच मग विचारतो की ही कल्पना आली कुठून, आणि मागे मागे जात ख्रिस्ताच्या दोन स्वभावांपर्यंत, चर्चला ख्रिस्ताचा गूढ देह म्हणण्यापर्यंत, दुसऱ्या फ्रेडरिकच्या १२३१ च्या कायद्यांपर्यंत, ब्रॅक्टन या मध्ययुगीन इंग्रज कायदेपंडितापर्यंत, फ्रेंच राजांच्या अंत्ययात्रेत मिरवल्या जाणाऱ्या पुतळ्यापर्यंत आणि शेवटी दान्तेपर्यंत पोचतो. तळटीपा पानापानावर, कधी मजकुरापेक्षा जास्त. १९२७ च्या पुस्तकाच्या वाचकाला हा तोच लेखक असं सांगितलं तर पटणार नाही.

म्हणजे पुस्तक आधीपासून चालू होतं आणि शपथेचं भांडण त्याच्या मधोमध आलं. टेबलावर "पद आणि ते धारण करणारा माणूस वेगळे असतात, संघ मरत नाही, सभासद मरतात" याची टिपणं पसरलेली, आणि बाहेर रीजंट्स म्हणतायत तुम्ही आमचे नोकर. पुस्तिकेतला कोर्टाचा आणि झग्याचा युक्तिवाद त्या टिपणांच्या शेजारी बसूनच लिहिला गेलाय हे दोन्ही लागोपाठ वाचलं की लक्षात येतं. मात्र पुस्तकात तो जास्त सावध आहे. राज्याचा गूढ देह ही कल्पना पुढे कुठल्या टोकाला जाऊ शकते, एखाद्या राजकीय कल्पनेची पूजा करत अख्खे देश कसे वेडे होतात, याची त्याला जाणीव आहे आणि प्रस्तावनेत ती दिसते. पण केवळ आपल्या काळातल्या त्या भयानक अनुभवामुळे हे लिहिलं असं कुणी समजू नये हेही तो सांगतो.

बर्कलीत तयार झालेले त्याचे विद्यार्थी, राल्फ गीसी, रॉबर्ट बेन्सन, मायकेल चेर्न्याव्स्की, पुढे स्वतः नावाजलेले इतिहासकार झाले. गीसी तर त्याच्या मदतीला प्रिन्स्टनला गेला आणि त्याने १९६० मध्ये फ्रेंच राजांच्या अंत्यविधींवर स्वतःचं पुस्तक काढलं, म्हणजे गुरूच्या पुस्तकातलं एक प्रकरण शिष्याने पूर्ण खोदून काढलं. कांटोरोविच सप्टेंबर १९६३ मध्ये प्रिन्स्टनला वारला. त्याच वर्षी फ्रेडरिकचं चरित्र पश्चिम जर्मनीत परत छापलं गेलं, जे परत यावं याला तो बरीच वर्षं नाखूष होता.

ज्यांना या प्रकरणात शिरायचं आहे त्यांनी मोठ्या पुस्तकापासून सुरुवात करू नये असं मी सुचवेन. आधी १४ जूनचं निवेदन वाचा, दोन-तीन पानांचंच आहे. मग स्प्राउल यांना लिहिलेलं पत्र, मग १९५० ची पुस्तिका. त्यानंतर 'लॉडेस रेगिए' मधला इटलीचा भाग, आणि मग प्लाउडनच्या खटल्यापाशी 'द किंग्ज टू बॉडीज' उघडा.